गाळणी काढताना

रेणापूर, लातूर, अहमदपूर भागातल्या छोट्या कार्यालयांना मी त्यांच्याच संगणकावर चालणारी ईमेल-व्यवस्था बसवून देतो. पत्रांची ने-आण करणारं पोस्टफिक्स, पत्रपेट्या सांभाळणारं डव्हकॉट आणि जोडीला स्पॅम गाळणारं स्पॅमअसॅसिन. हे तिसरं कोणी मागत नाही. पहिल्यापासून संचात आहे, म्हणून बसतं. यंदा ते संचातून काढायला घेतलं.

या गाळणीबद्दल मला आदर आहे. जस्टिन मेसन यांनी २००१ साली ती खुली केली. प्रत्येक पत्राला नियमांप्रमाणे गुण पडतात; ५ झाले की स्पॅमचा शिक्का. पण मजकूर तपासणारे बहुतेक नियम इंग्रजी पत्रांसाठी लिहिलेले आहेत. अनुभवावरून शिकणारा तिचा बेझ हा भाग २०० स्पॅम आणि २०० चांगली पत्रं पाहिल्याशिवाय मतच देत नाही. आडत दुकानात नको असलेलं पत्र लोक नुसतं पुसून टाकतात, गाळणीला शिकवत बसायला सोयाबीनच्या हंगामात सवड कुणाला? आपोआप शिकायची सोय आहे, पण ती जुन्या नियमांचेच गुण गिरवते.

“असू द्या की सर, काय खायला मागतंय का?” असं माझा सहकारी म्हणाला. मागतं. २०१० किंवा पुढची तारीख म्हणजे फार लांबची, असं मानणारा एक जुना नियम तिच्यात होता. १ जानेवारी २०१० उजाडला आणि जगभर साध्या पत्रांना गुण चढू लागले. दुरुस्ती लगेच निघाली. पण ज्या यंत्रणेकडे कुणी बघत नाही, तिथं दुरुस्ती बसवणार कोण? मला भीती याचीच वाटते.

कोण वापरतं हे कळायला लोकांच्या मशीनमध्ये डोकावणं मला मान्य नाही. फोन करून विचारत गेलो. एका पतसंस्थेतल्या ताई स्पॅम निवडून गाळणीला नेमाने शिकवत होत्या. शिक्क्याचं पत्र वेगळ्या कप्प्यात टाकणारा नियमही त्यांनी सीव्ह या पत्रांची वर्गवारी करणाऱ्या भाषेत लावला होता. शिक्का मारणारी गाळणी गेली असती, तर तो नियम कुठलीही चूक न दाखवता गप्प बसला असता, आणि सगळा कचरा कर्जदारांच्या पत्रांत मिसळला असता.

म्हणून गाळणी आता वेगळं पॅकेज आहे. नवी आवृत्ती बसताना शिकलेला साठा आधी फाईलमध्ये उतरवला जातो. जुना शिक्का शोधणारा नियम सापडला, तर काम तिथंच थांबतं आणि गाळणी ठेवायची का, हे मराठीत विचारलं जातं. ताईंनी ‘ठेवा’ निवडलं.