दावाओला निघालेल्या लेकरांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी



"बाई, पोरगी तिकडं सुखरूप राहील ना?" हा प्रश्न मला आजवर बऱ्याच पालकांनी विचारला आहे. आपल्याकडची कितीतरी मुलंमुली डॉक्टर व्हायला फिलिपाईन्समधल्या दावाओ शहरात जातात. माझी भाचीही तिथंच शिकते. २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत ताईबरोबर मी आठ दिवस तिच्याकडे राहून आले. डीएडपासूनची सवय, दिसेल ते वहीत टिपायचं. त्या वहीतलं उपयोगाचं तेवढं आज तुमच्यापुढे ठेवते.

दावाओ हे देशाच्या दक्षिणेला, मिंदानाओ बेटावर आहे. देशातला सर्वांत उंच डोंगर, माउंट आपो (२,९५४ मीटर), इथून जवळच. पाऊस वर्षभर कधीही येतो, म्हणून छत्री कायम पिशवीत. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. लोक बिसाया भाषा बोलतात, पण इंग्रजीवर काम भागतं.

ताईची भीती

आमची तिकिटं काढून झाली होती आणि १० ऑक्टोबरला सकाळी दावाओ ओरिएंटल प्रांताच्या किनाऱ्याजवळ ७.४ तीव्रतेचा भूकंप झाला. दावाओ शहरही चांगलंच हादरलं. त्सुनामीचा इशारा आला, नंतर तो मागे घेतला गेला. आम्ही मूळच्या धाराशिवकडच्या. १९९३ चा किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ताई दहा वर्षांची होती. तिनं फोनवर एवढंच सांगितलं, "आता तिला घेऊनच यायचं." ती त्याच विचारानं निघाली होती.

भाचीनं मात्र त्या दिवशी जे करायचं ते केलं होतं. हादरे सुरू होताच टेबलाखाली बसली, डोकं झाकलं, टेबलाचा पाय धरून ठेवला. हादरे थांबल्यावर जिन्यानं उतरून मोकळ्या जागेत गेली. घरमालकीण आजींनी, म्हणजे तिच्या 'लोला'नं, सगळ्या मुली मोजून घेतल्या. मग आईला निरोप.

तुमचं मूल तिकडं जाणार असेल तर हे घरीच करून घ्या. समुद्राजवळ असताना जोराचा किंवा बराच वेळ धक्का बसला, तर इशाऱ्याची वाट न बघता उंच जागी जायचं. उशाशी एक पिशवी भरलेली हवी: टॉर्च, पाणी, बिस्किटं, पासपोर्टची प्रत, पॉवर बँक, रोजची औषधं. तातडीचा क्रमांक ९११. दावाओत ही सेवा २००२ पासून आहे. मनिलातल्या भारतीय दूतावासाचा नंबर मोबाईलमध्येही असू द्या आणि कागदावरही.

जाण्याआधी

जून २०२५ पासून भारतीयांना पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसा लागत नाही. परतीचं तिकीट आणि राहण्याचा पुरावा मात्र जवळ ठेवा. शिकायला जाणाऱ्यांचा व्हिसा वेगळा असतो. नियम बदलत राहतात, म्हणून तिकिटाआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा बघाच. पोहोचण्याआधीच्या ७२ तासांत 'ई-ट्रॅव्हल' हा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. तो मोफत आहे, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आपला गोल पिनांचा प्लग तिकडच्या चपट्या खाचांत बसत नाही, अडॅप्टर न्या.

शहराचे नियम

सार्वजनिक ठिकाणी सिगारेट ओढायला बंदी, तीही ठरवून दिलेल्या जागा सोडून सगळीकडे. फटाक्यांनाही बंदी आहे, वीस वर्षांहून अधिक काळ. आम्ही दिवाळी पणत्या लावून केली, छान झाली. शहराच्या मध्यभागी वाहनांना ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आहे.

मॉलच्या दारात सुरक्षारक्षक पिशवी उघडायला सांगतो. २ सप्टेंबर २०१६ ला इथल्या रोहास भागातल्या रात्रबाजारात बॉम्बस्फोट होऊन माणसं गेली, हे लोक विसरलेले नाहीत. म्हणून हसतमुखानं पिशवी पुढे करायची. "बॉम्ब आहे" अशी गंमत तर चुकूनही नाही. तिकडे तो गुन्हा आहे, १९८० पासून तसा कायदा आहे आणि तुरुंगवासही होऊ शकतो. आपली कॉलेजातली पोरं कशी बोलतात ते आपल्याला माहीत आहे, म्हणून हे दोनदा सांगा. मिंदानाओ बेटाच्या काही भागांत जाणं धोक्याचं मानलं जातं. शहराबाहेर सहलीला निघण्याआधी स्थानिकांना आणि कॉलेजला विचारायचं.

तब्येत

डेंग्यूचा डास दिवसा चावतो. वर्गात जातानाही डासांचं मलम लावायचं, खोलीत पाणी साचू द्यायचं नाही. ताप आला तर मनानं फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घ्यायचं नाही, कारण डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढू शकतो. मग लगेच डॉक्टर.

कुत्रं चावलं किंवा नुसतं ओरखडलं, तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. हळद, मिरची, चुना काही लावायचं नाही. हे आपल्या गावातही तितकंच खरं. पुराच्या पाण्यातून चालायचं नाही. उंदरांच्या मुतामुळे त्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असतात. जावंच लागलं तर नंतर डॉक्टरांना सांगायचं. पिण्यासाठी शुद्ध पाण्याचे जार जागोजागी भरून मिळतात.

शाकाहाऱ्यांनी जरा जपून. तिकडे मुगाची आमटी मिळते, नावही 'मोंगो'. ताई ते नाव वाचूनच खूश झाली. पण त्यात बहुतेक वेळा डुकराचं मांस किंवा सुकी मासळी असते. भाजीतही कोळंबीचा आंबवलेला गोळा, 'बागोओंग' घालतात. "व्हेज आहे का?" एवढं विचारून भागत नाही. "मांस, मासे, कोळंबी, यातलं काहीच चालत नाही" असं एकेक नाव घेऊन सांगायचं. कोळंबीची ॲलर्जी असेल तर हे जिवाचंच काम.

वागणं

माझी वही सगळ्यात जास्त भरली ती इथं. वयानं मोठ्या मुलाला 'कुया', म्हणजे दादा. मोठ्या मुलीला 'आते', म्हणजे ताई. रिक्षावाला, दुकानदार, शिपाई, सगळ्यांना हेच. आपल्याकडे 'दादा', 'मावशी' म्हणतो तसंच. घरातल्या वडीलधाऱ्यांचा हात हलकेच घेऊन आपल्या कपाळाला लावतात. आपला वाकून नमस्कारच तो. घरात जाताना चपला बाहेर.

जीपनी ही तिथली शेअर गाडी. भाडं मागून पुढे हातोहात ड्रायव्हरकडे जातं आणि सुट्टे पैसे तसेच परत येतात. आपण मध्ये बसलो असू तर दुसऱ्याचे पैसे पुढे द्यायचे. उतरायचं असलं की "लुगार लांग" म्हणायचं. कुणी जेवत असलं आणि तुम्ही समोर आलात, तर "काओन ता", म्हणजे "चला जेवू" म्हणतील. पोट भरलं असेल तर "सालामात, बुसोग पा को." म्हणजे, धन्यवाद, माझं पोट भरलंय.

भुवया उंचावल्या की 'हो'. ओठ पुढे काढले की 'तिकडे'. बोट वाकवून माणसाला बोलावणं अपमानाचं, तसं कुत्र्याला बोलावतात. तळहात खाली करून बोलवायचं. राष्ट्रगीत लागलं की उजवा हात छातीवर ठेवून उभं राहतात. आपण निदान स्तब्ध उभं राहावं. आणि चारचौघांत कुणावर ओरडायचं नाही. लोकांसमोर मान खाली घालायला लावणं तिथं फार लागतं. वर्गात आवाज चढवणाऱ्या आपणही हे टिपून ठेवायला हरकत नाही.

ताईचा निर्णय

आठव्या दिवशी ताई भाचीला न घेताच परत निघाली. भूकंप पुन्हा होणार नाही असं कुणी सांगितलं म्हणून नव्हे, तसं कुणी सांगूच शकत नाही. तिनं पाहिलं की पोरीला टेबलाखाली बसता येतं, जीपनीतली आजी तिला नावानं ओळखते, आणि घरमालकीण लोला रोज संध्याकाळी दार लावायच्या आधी मुली मोजते. परक्या गावात नियम पाळले की माणूस अडचणीत येत नाही. आणि नीट वागलं की अडचण आलीच तर हाक मारायला माणसं असतात. मुलाला निरोप देताना या दोन्हींची तयारी हवी.

वर्गात काय घेता येईल

तिसरी-चौथीपासून एवढं सहज जमतं:
१. महिन्यातून एकदा भूकंपाचा सराव: बसा, डोकं झाका, घट्ट धरा.
२. घरच्या दोन माणसांचे फोन नंबर आणि आपला पत्ता तोंडपाठ.
३. 'धन्यवाद', 'मला मदत हवी', 'मला हे चालत नाही', ही तीन वाक्यं तीन भाषांत, न लाजता, मोठ्यानं.

पालकहो, तिसरं मात्र घरीही करून घ्या. भिडस्त लेकरू परगावी उपाशी राहतं, दुखलं तरी सांगत नाही. बोलायची सवय आपल्या अंगणातच लागायला हवी.