एकोणीसवर ठेवलेली कॅसेट

माकणीत माझा फोटो स्टुडिओ आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान एकाच गाळ्यात आहे, आणि दोन्ही कामांना संगणकही एकच. जुना, चार कोअरचा, त्यावर उबुंटू. वर्षभर तो निमूट चालतो. कस लागतो तो जुलैत, पीक विम्याची मुदत जवळ आली की. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा सुरू झाला आणि सातबारा, आठ-अ, पासबुक, पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र घेऊन माणसं मी शटर उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसू लागली.

त्याच जुलैत सास्तूरकडचे एक काका लग्नाच्या दोन व्हिडिओ कॅसेट घेऊन आले. भूकंपाआधीच्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमच्या भागातली माळवदाची घरं दगडमातीसकट खाली आली. त्यांच्या घरची जी माणसं त्यात गेली, ती चालती-बोलती आता या फितीतच उरली होती. "घाई न्हाई भैय्या," काका म्हणाले, "पण खराब व्हऊ देऊ नको."

या कामाचे दोन टप्पे असतात आणि दोन्हींचा स्वभाव अगदी वेगळा. पहिला टप्पा म्हणजे कॅसेट संगणकात घेणं. कॅसेट जितक्या तासांची, तितके तास लागतातच; आणि तेवढ्यात प्रोसेसर दुसरीकडे गुंतला तर फ्रेम गळतात. फितीला बुरशी आलेली, ती दुसऱ्यांदा धड चालेल याची खात्री नव्हती. म्हणून रात्री दुकान बंद झाल्यावर, सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचा अधिकार लावून, नाइसचा, म्हणजे कामाच्या अग्रक्रमाचा, आकडा वजा दहा ठेवून मी ती उतरवून घेतली. हा आकडा वजा वीसपासून एकोणीसपर्यंत जातो. जितका खाली, तितका कामाला मान जास्त. शून्याच्या खाली जायचं तर सुडोशिवाय परवानगी मिळत नाही.

दुसरा टप्पा उतरवलेल्या चित्रातल्या आडव्या रेषा काढून एमपी-४ करण्याचा. हे एफएफएमपेग हा प्रोग्रॅम करतो. त्याला उशीर झाला तरी काही गळत नाही. त्यामुळे ते काम दिवसाही चालू ठेवलं होतं, आणि तिथेच ठिणगी पडली. पोर्टलवर सातबाऱ्याची पीडीएफ चढवताना ब्राउझर गोठायचा. तेवढ्यात सेशन संपलं की फॉर्म पुन्हा पहिल्यापासून. मागून आवाज यायचा, "आमचं व्हईल का आज?" सोयाबीन पेरून, रोजगार बुडवून आलेल्या माणसाला उद्या या म्हणणं मला जमत नाही.

एफएफएमपेगला किल वजा-स्टॉप देऊन थांबवता आलं असतं, वजा-कॉन्ट देऊन पुन्हा चालूही करता आलं असतं. पण मग दिवसभर कॅसेट जागची हलली नसती. आणि एक माणूस उठून दुसरा बसेपर्यंतचा जो वेळ असतो, त्यात प्रोसेसर रिकामाच बसला असता. म्हणून चालू कामाचा आकडा बदलायला टर्मिनलवर लिहिलं: रीनाइस, वजा-एन १९, वजा-पी, आणि पुढे प्रोसेसचा नंबर. एंटर. ब्राउझर मात्र होता तसाच.

मग चालू कामांची यादी दाखवणारं एचटॉप उघडलं आणि त्यात एका प्रोसेसचे समांतर चालणारे तुकडे, म्हणजे थ्रेड, दाखवायला लावले. एनआयच्या, म्हणजे नाइसच्या रकान्यात एफएफएमपेगच्या पहिल्या ओळीत १९ दिसत होते, खालच्या सगळ्या ओळींत शून्य. लिनक्समध्ये नाइसचा आकडा प्रत्येक थ्रेडचा वेगळा असतो. वजा-पी दिलं की तो फक्त मुख्य थ्रेडला लागतो, आणि व्हिडिओचं जड काम तर बाकीचे थ्रेड करतात. वजा-पीच्या जागी वजा-जी लिहिलं, म्हणजे अख्ख्या प्रोसेस ग्रुपला. टर्मिनलवरून सुटं चालवलेल्या कामाचा ग्रुप नंबर आणि प्रोसेसचा नंबर एकच असतो. बघता बघता सगळ्या ओळी १९ झाल्या आणि पुढची पीडीएफ विनाअडथळा चढली.

आमच्या गावाला निम्न तेरणाचं धरण आहे, त्यामुळे कालव्याच्या पाण्याची शेजपाळी इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. नाइसचंही तसंच. एकोणीसवरच्या कामाचं दार अगदी अरुंद. पण शेजारची दारं बंद असली की सगळं पाणी त्याच्याच वाफ्यात. प्रोसेसरचा वेळ वाटणाऱ्या, इंगो मोल्नार यांनी लिहिलेल्या आणि २००७ मध्ये लिनक्समध्ये आलेल्या शेड्युलरच्या पद्धतीत प्रत्येक कामाला वजन असतं: शून्यवाल्याला १०२४, एकोणीसवाल्याला १५. एकाच कोअरवर दोघं भांडले तर दुसऱ्याच्या वाट्याला जेमतेम दीड टक्का वेळ येतो. मात्र भांडायला कुणी नसलं की त्याला अख्खा कोअर मिळतो. त्यामुळे संध्याकाळी रांग संपल्यावर मला आकडा परत बदलावा लागला नाही. कॅसेट आपोआप वेगाने पुढे सरकू लागली.

माझ्यासारखं केंद्र चालवणाऱ्यांसाठी काही गोष्टी. काम सुरू करतानाच पुढे 'नाइस वजा-एन १९' लावा. नंतर निघणारे सगळे थ्रेड तोच आकडा घेऊन येतात, रीनाइसची वेळच येत नाही. एकदा वाढवलेला आकडा साध्या युजरला सहसा खाली आणता येत नाही, त्याला सुडो लागतं. बऱ्याच लिनक्सवर ऑटोग्रुप चालू असतो. मग एका टर्मिनलमधलं काम आणि ब्राउझर वेगळ्या गटांत पडतात, आणि नाइस फक्त गटाच्या आत चालतो. मी तो बंद करून ठेवला आहे. आणि रॅम कमी पडत असेल तर नाइसचा काही उपयोग नाही, तिथे रॅमच वाढवावी लागते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीत ऐकायला मिळतात. सुरुवात तिथून करा.

विम्याचे फॉर्म मुदतीत गेले आणि काकांना दोन्ही लग्नं पेनड्राइव्हवर मिळाली. लोहारा, उमरगा, औसा या पट्ट्यात अजून कितीतरी घरांच्या पेट्यांत अशा कॅसेट पडून आहेत आणि दर पावसाळ्यात त्यांची बुरशी वाढते आहे. दुकानात गर्दी दिसली म्हणून परत जाऊ नका. कॅसेट ठेवून जा, तिचं काम होत राहील.