पोरींनी विचारायचं कुणाला?

संतपूर, ता. औराद, जि. बिदर

प्रिय सखे,

परवा लंडनहून फोनवर तू विचारलंस, "आपल्याकडच्या पोरींना ७२ तासांच्या गोळीची माहिती असते का गं?" घरात माणसं होती, बोलता आलं नाही. म्हणून आता सविस्तर लिहिते.

नाव ठाऊक असतं बघ. या गोळीचा आयपिल हा ब्रँड २००७ साली बाजारात आला, तेव्हापासून नाव सगळ्यांच्या कानावर आहे. पण ती करते काय, हे विचारलं की गोंधळ. कुणाला वाटतं तिने गर्भ पडतो. कुणाला वाटतं, एकदा घेतली की पुढे मूलच होत नाही. कुणी पाळी चुकल्यावर गोळी शोधायला लागते, तोवर वेळ निघून गेलेली असते. अगं, ही गोळी बीज बाहेर पडणं लांबवते. म्हणून संबंधानंतर जितकी लवकर घ्यावी तितकी चांगली लागू पडते. ७२ तास ही हद्द. गर्भ राहिलाच असेल तर तिचा काही उपयोग नाही, आणि पुढे मूल होण्यात तिची अडचणही नाही. दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यायची. पाळी आठवड्याहून जास्त लांबली तर तपासणी करायची. ही रोजची गोळी नव्हे, आणि रोगांपासून वाचायला निरोधच हवा.

आपल्याकडे २००५ पासून तिला डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंकडे दोन रुपयांत मिळावी अशी सरकारी सोय आहे. पण आपलं गाव तुला माहीत आहे. मेडिकलवाला पोरीच्या बापाला नावाने ओळखतो, आशाताई त्याच गल्लीत राहतात. मागू की नको, या विचारातच निम्मे तास सरतात.

आणि हा प्रश्न नुसता कॉलेजच्या पोरींचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.३ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. बालविवाहाच्या कायद्यात राज्याने २०१६ साली केलेल्या दुरुस्तीने असं लग्न मुळातच रद्द ठरतं, तरी लग्नं होतातच. सासरी त्या पोरीने "एवढ्यात मूल नको" म्हणायचं कुणापाशी? जिच्यावर जबरदस्ती झाली, तिला तर गोळी देऊन गप्प बसवणं हा अन्यायच. तिला डॉक्टर हवा, मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ वर फोन हवा, पाठीशी उभं राहणारं माणूस हवं.

र. धों. कर्व्यांनी मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र उघडलं. शंभर वर्षं उलटली, तरी आपण पोरींशी कुजबुजतच बोलतो. वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी सरकारने इकडे स्नेहा क्लिनिक काढलीत, महाराष्ट्रात मैत्री. पण तिथवर जायचं धाडस यायला आधी कुणीतरी घरात विषय काढलेला असावा लागतो. पाळीबद्दल सांगतो तेव्हाच हेही सांगावं, मुलग्यांनाही सांगावं, असं मला मनापासून वाटतं. गरज पडल्यावर शिकवायला वेळ उरत नाही.

म्हणून तुला एक मागणं आहे. आईला, काकूला जे विचारता येत नाही, ते पोरी दूरच्या मावशीला विचारतात. तू गल्लीत राहत नाहीस, हीच तुझी मोठी सोय. माझ्या दोन्ही भाच्यांना तुझा नंबर देऊ का? रात्री-अपरात्री फोन आला तरी न रागावता उचलशील ना? लगेच कळव.

तुझीच,
संतपूरची मैत्रीण