दोन खोल्यांचे यंत्र

लालबागच्या चाळीत दोन खोल्यांचे बिऱ्हाड असलेल्या माणसाने व्हॅक्यूम क्लीनर घ्यायला निघावे, हा विनोदाचा विषय आहे, हे मला मान्य आहे. ही बातमी फुटली त्या संध्याकाळी शेजारच्या काकांनी मला गॅलरीत अडवले आणि गंभीरपणे विचारले, "मास्तर, यंत्र आत ठेवल्यावर तुम्ही उभे कुठे राहणार?" प्रश्न गैरवाजवी नव्हता. केरसुणीचे दहा फटकारे मारले की आमचे घर संपते. तेवढ्यासाठी बारा-तेरा हजार रुपये मोजायचे म्हणजे एका कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीचा सारा मोबदला मातीत, नव्हे, धुळीत घालण्यासारखेच होते. (दुसरी आवृत्ती निघाली हीच मुळात नवलाची गोष्ट, पण ते असो.)

गोष्ट सुरू झाली ती अण्णांच्या खोकल्यापासून. माझे वडील १९६५ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, कोकणातून येऊन गिरणीत लागले. कार्डिंग खात्यात त्यांनी सतरा वर्षे काढली. कापूस पिंजणाऱ्या यंत्राला बारीक तारांचे दात असतात. त्या दातांत तूस आणि कचरा अडकून बसतो, तो वेळोवेळी काढून ते साफ करावे लागतात. अण्णांचे काम तेच. घरी आले की त्यांच्या भुवया पांढऱ्या असत, असे आई सांगते. मी लहान असल्याने मला त्या भुवया आठवत नाहीत. आठवतो तो खोकला. रविवारी सुटी घेऊन सोमवारी पाळीवर गेले की छाती आवळल्यासारखी होई, मंगळवारपासून जरा बरे वाटे. खात्यातल्या पुष्कळांचे तसेच होते. अण्णा त्याला 'सोमवारची छाती' म्हणत आणि त्यात काही विशेष आहे असे त्यांना वाटत नसे. या दुखण्याला बिसिनोसिस असे नाव आहे, कापसाच्या धुळीने ते जडते, आणि सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे हीच त्याची खूण आहे, हे मी फार उशिरा वाचले.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, त्यांतले एक अण्णा. ते पुन्हा आत गेले नाहीत. पुढे एका गोदामावर रखवालदारी करून त्यांनी आम्हांला वाढवले. गिरणी गेली, चिमणी गेली, पण धूळ मात्र राहिली. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहू लागले, आणि वाळू-सिमेंटचे ट्रक आमच्या खिडकीखालून जाऊ लागले. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने श्री काढता येतो.

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर अण्णांचा खोकला वाढला म्हणून आम्ही त्यांना परळला डॉक्टरांकडे नेले. सौ. बरोबर होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण विचारपूस मात्र पोक्तपणाने करीत होत्या. घरात केर कसा काढता, असे त्यांनी विचारले आणि म्हणाल्या, "कोरडा झाडू मारू नका. बारीक धूळ उडते आणि तासन् तास हवेत राहते. निदान केर काढताना आजोबांना बाहेर गॅलरीत बसवत चला."

"बरं," सौ. म्हणाली, "आणि झाडणारीनं कुठं जायचं?"

डॉक्टरीणबाई हसल्या. मीही हसलो. सौ. हसली नाही. परत येताना अण्णा टॅक्सीत एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र, चहाचा कप बशीवर ठेवता ठेवता, म्हणाले, "सतरा वर्षं झाडलं. हे विचारायचं कधी सुचलं नाही."

तेव्हा यंत्र घ्यायचे ठरले ते असे. विनोद करणाऱ्या काकांना मी हे सांगितले नाही.

पितृपंधरवडा चालू होता. त्यात नवी वस्तू घरात आणायची नाही, असा आईचा दंडक. बघायला हरकत नाही, अशी सवलत तिने दिली. त्यामुळे खरेदीआधी पंधरा दिवस नुसते बघण्याची संधी मला मिळाली. मी गिरगावातल्या शाळेत शिकवतो. शाळा सुटली की कधी लॅमिंग्टन रोडला, कधी दादरला उतरून दुकाने पालथी घालू लागलो. मॅट्रिकपलीकडे माझी गाडी गेलेली नाही, आणि विज्ञानाचा तास घेण्याचे भाग्य मला क्वचितच लाभले. पण वही काढून टिपणे घेण्याची सवय मास्तरकीने लागते.

या यंत्राशी माझी तोंडओळख जुनी होती. १९८२ मध्येच, म्हणजे अण्णा संपावर गेले त्याच वर्षी, युरेका फोर्ब्स ही कंपनी निघाली आणि तिचे टाय बांधलेले विक्रेते घरोघर फिरू लागले. गिरगावातल्या माझ्या मावशीच्या घरीही असा एक तरुण आला होता. त्याने तिच्या स्वच्छ गादीवर नळी फिरवली आणि निघालेली धूळ तिच्यापुढे धरली. मावशी शरमेने अर्धी झाली. घर कसे आरशासारखे ठेवते म्हणून जिची वाडीत ख्याती, तिच्या गादीतून हे निघावे! तिने हप्त्यांवर यंत्र घेतले. पुढे ते जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर गेले, आणि दर दिवाळीला खाली काढून आधी त्याच्यावरची धूळ झटकावी लागे. वस्तू शरमेने घेतली म्हणजे तिची जागा माळ्यावर, एवढे मी तेव्हाच शिकलो होतो.

दुकानांत मला पहिल्यांदा भेटला तो वॉट. प्रत्येक विक्रेता वॉटचा आकडा असा सांगे, जणू पहिलवानाचे वजन सांगतो आहे. सोळाशे, अठराशे, दोन हजार! वॉट म्हणजे यंत्र वीज किती खाते त्याचा आकडा. ओढते किती, तो नव्हे. जास्त जेवणारा जास्त काम करतोच असे नाही, याचा अनुभव कुठल्याही शिक्षकखोलीत येतो. युरोपात तर सप्टेंबर २०१४ पासून सोळाशे आणि सप्टेंबर २०१७ पासून नऊशे वॉटच्या वरची यंत्रे बाजारात आणायला बंदी झाली, आणि तिथली घरे काही केराने भरली नाहीत. मग भेटला तो आपोआप फिरणारा गोल यंत्रमानव. आमच्या कन्येचे मत त्याला. पण आमच्याकडे दोन खोल्यांमध्ये उंबरठा आहे, रात्री जमिनीवर अंथरुणे पडतात, आणि खाटेखाली ट्रंका आहेत. तो बिचारा पहिल्याच दिवशी ट्रंकेला टक्कर देऊन राजीनामा देता.

दादरच्या एका दुकानात प्रयोग पाहिला. पोऱ्याने फरशीवर मीठ आणि तांदूळ सांडले, यंत्र लावले, सर्रकन् सगळे गायब. बघ्यांनी माना डोलावल्या. मीही प्रभावित होऊन घरी आलो आणि अण्णांना वर्णन करून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "आत ओढतंय ते सगळ्यांना दिसतं. सोडतंय कुठं, ते बघितलंस का?"

मी बघितले नव्हते.

"आमच्याकडं कापूस स्वच्छ व्हायचा," अण्णा म्हणाले. "कचरा त्याच्यातनं निघायचा, तो कुठं जायचा? आमच्यात."

त्या रात्री मी या यंत्राचा इतिहास वाचीत बसलो. लंडनमध्ये सेसिल बूथ नावाच्या इंजिनियराने धूळ साफ करणारे एक यंत्र पाहिले. ते हवा फुंकून धूळ उडवीत असे. उडवण्यापेक्षा ओढून का घेऊ नये, असे त्याला वाटले. एका उपाहारगृहात त्याने खुर्चीच्या पाठीवर हातरुमाल ठेवला, त्यावर तोंड लावून श्वास ओढला आणि गुदमरला. रुमालाला मात्र धूळ चिकटली होती. त्यातून १९०१ मध्ये त्याचे यंत्र तयार झाले. ते एवढे अवजड की घोडे जुंपून रस्त्यावर आणीत आणि नळ्या खिडकीतून घरात सोडीत. वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे सातव्या एडवर्डच्या १९०२ च्या राज्यारोहणासाठी त्यानेच साफ केले.

पण मला आवडला तो दुसरा माणूस. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर नावाचा गृहस्थ एका दुकानात झाडलोट करी. त्याला दमा होता. गालिचे झाडता झाडता जीव नकोसा होई. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र करून एक यंत्र जुळवले आणि १९०८ साली त्याचे पेटंट मिळवले. हूवर नावाच्या व्यापाऱ्याने ते विकत घेतले, आणि नाव जगभर झाले ते हूवरचे. हातात धरून फिरवायचे यंत्र घराघरांत पोचले ते एका धाप लागलेल्या झाडूवाल्यामुळे. हे मी अण्णांना वाचून दाखवले. "त्याला पुरते पैसे मिळाले का?" एवढेच त्यांनी विचारले. मला सांगता आले नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दादर. खिशात इस्त्रीचा पांढरा रुमाल. पोऱ्याने मीठ सांडले, यंत्र चालू केले, आणि मी मागच्या बाजूला जिथून हवा बाहेर पडते तिथे रुमाल धरला. "काका, असं कुणी बघत नाही," तो म्हणाला. दोन मिनिटांनी रुमालावर करडा डाग उमटला. रोज पन्नास वेळा मीठ खाणारे नमुन्याचे यंत्र ते, त्याची गाळणी कोणी धुतली नसेल; दोष यंत्राचा की दुकानाचा, कोण जाणे. पण माझा निर्णय तिथेच निम्मा झाला.

उरलेला निम्मा सौ.ने केला. हल्लीच्या पुष्कळ यंत्रांना पिशवी नसते; पारदर्शक डबा असतो, तो उघडून कचरा ओतायचा. पिशवीचा वारंवार खर्च नाही, म्हणून ती खपतात. मी हा फायदा तिला सांगितला. तिने डबा उघडून, उलटा करून पाहिला आणि म्हणाली, "म्हणजे महिनाभर ओढलेली धूळ एका दमात तोंडावर घ्यायची." मग आम्ही कागदी पिशवीचे, तोंड बंद होणारे, आणि हवा बाहेर पडते त्या जागी हेपा गाळणी असलेले यंत्र शोधू लागलो. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे शंभर कण आले तर ९९.९७ टक्के अडवणारी जाळी. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अर्थात जाळी उत्तम असून भागत नाही. यंत्राच्या सांध्यांतून हवा निसटत असेल तर जाळीला वळसा घालून धूळ बाहेर येते. तेव्हा सांध्यांवरही रुमाल धरून झाले. तोवर पोऱ्याला माझी गंमत वाटू लागली होती. तो स्वतःच रुमाल धरायला मदत करू लागला.

शेवटी घेतले ते दुकानातले सर्वांत बेढब यंत्र. रंग विटकरी, वॉट कमी, वजन जास्त. दसऱ्याला ते घरी आले. गिरणीत दसऱ्याला यंत्रांना झेंडूच्या माळा घालीत, म्हणून अण्णांनी एक माळ मागवून घेतली.

आता वर्ष झाले. अण्णांचा खोकला गेला, असे मी म्हणणार नाही. सतरा वर्षांची धूळ वर्षात निघत नाही. यंत्राचा आवाज मोठा आहे, आणि दुपारी लावले तर काकांची झोप मोडते. कोपऱ्यांत आणि मोरीपाशी केरसुणीच लागते, लादी ओल्या फडक्यानेच पुसावी लागते, आणि लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून आई तिलाच हळदकुंकू वाहते. पण यंत्र माळ्यावर गेले नाही. ते फिरवण्याचे काम आम्ही आळीपाळीने करतो. पिशवी बदलण्याचे काम माझे, असे मी पहिल्याच दिवशी सौ.ला कबूल केले.

महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, मी नाकाला रुमाल बांधून यंत्र खाली चाळीच्या पटांगणात नेतो. काका हमखास गॅलरीत असतात. "मास्तर, ऑपरेशन आज का?" मी झाकण उघडतो, पिशवीचे तोंड बंद करतो आणि ती हळूच बाहेर काढतो. वरून अण्णा कठड्यावर वाकून पाहत असतात. त्यांना दिसते कमी, पण या एका कामात माझे काय चुकते ते बरोबर दिसते.

"वाऱ्याकडं पाठ कर रे," ते ओरडतात. "आधी वारा कुठला ते बघ!"