पत्रा वाजवून गाडी घेऊ नका



तीस वर्षे गावोगाव फिरून मी एक गोष्ट सांगत आलो आहे : बियाण्याची पिशवी घेताना वरचे चित्र बघू नका, टॅग बघा. पण घरच्या माणसांसाठी गाडी निवडायची वेळ आली, तेव्हा मीच टॅग बघायला विसरलो. त्याची ही हकिकत. तुमच्यापैकी कुणाच्या तरी उपयोगी पडावी म्हणून सांगतो.

२०१५ साली उसाचे बिल हाती आले आणि आमच्या दाजींनी गाडी घ्यायचे मनावर घेतले. दोन गाड्या नजरेत होत्या. एक नवी, लहान, पुढे दोन एअरबॅग असलेली. दुसरी जुनी, थोराड जीप. दाजी म्हणाले, "बापू, तुम्ही शिकलेले. तुम्ही सांगाल ती घेऊ." मी जीपच्या बॉनेटवर टकटक केले. पत्रा जाड वाजला. म्हणालो, "हीच घ्या दाजी. वजनदार गाडीला रस्त्यावर भीती नाही."

पुढच्याच हंगामात लग्नाहून रात्री परतताना वेळापूरच्या रस्त्याला उसाची ट्रॉली उभी होती. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. सात जणांच्या जीपमध्ये दहा माणसे बसलेली. भाच्याने गाडी एकदम वळवली, ती कलंडली आणि चारीत जाऊन पडली. जीव सगळ्यांचे वाचले. पण मागच्या सीटवर पट्ट्याविना बसलेली माझी थोरली बहीण, आमची अक्का, बाहेर फेकली गेली. मणक्याला मार बसला. खुरपणीत कुणाला पुढे जाऊ न देणारी अक्का त्या दिवसापासून काठीशिवाय उंबरा ओलांडत नाही. मला ती एका शब्दाने कधी बोलली नाही. तेच जास्त लागते.

त्यानंतर मी या विषयाचे मिळेल ते वाचले. पहिला प्रश्न हाच, की मोठी गाडी खरोखर सुरक्षित असते का?

प्रामाणिक उत्तर असे, की दोन गाड्या समोरासमोर धडकल्या तर वजनाचा फायदा होतो. जड गाडी हलकीला मागे रेटते, आणि जास्त दणका हलकीतल्या माणसांना बसतो. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी महामार्ग सुरक्षा संस्था आहे. तिने २००९ साली लहान आणि मध्यम गाड्या मुद्दाम समोरासमोर धडकवून पाहिल्या. लहान गाड्या एरवीच्या चाचणीत चांगल्या ठरलेल्या होत्या, तरी इथे त्या कमी पडल्या.

पण त्याच संस्थेने त्याच वर्षी दुसरी एक टक्कर घडवली. एका बाजूला १९५९ सालची शेव्हरोले बेल एअर, लांबलचक, भक्कम दिसणारी; दुसऱ्या बाजूला त्याच कंपनीची २००९ सालची मालिबू. जुन्या गाडीची बसायची जागाच चेपली. तिच्यात माणूस असता तर वाचला नसता. नव्या गाडीतल्या चालकाच्या पायाला थोडे लागले असते, इतकेच. जाड पत्र्यावरचा माझा विश्वास हे वाचून उडाला.

याचे कारण सोपे आहे. अंडी बाजारात न्यायची तर आपण ती भुशात ठेवतो. दणका भुसा खातो, अंडे शाबूत राहते. चांगल्या गाडीचा पुढचा भाग भुशासारखा असतो. तो चुरगळावा म्हणूनच तसा बनवलेला असतो. बसायची जागा मात्र पिंजऱ्यासारखी मजबूत ठेवतात. अपघातानंतर बॉनेट चुरगळलेले बघून 'काय हलकी गाडी' म्हणून नाक मुरडू नका. त्या चुरगळण्यानेच माणूस वाचलेला असतो.

शिवाय आपल्या रस्त्यांवर टक्कर फक्त गाडीशी होत नाही. बाभळीचे झाड, पुलाचा कठडा, भरलेली ट्रॉली यांच्यापुढे तुमच्या गाडीच्या जास्तीच्या वजनाचे फारसे काही चालत नाही. उंच गाडी अचानक वळवली तर कलंडायचा धोका उलट जास्त.

मग टॅग कुठला बघायचा? ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात 'भारत एनकॅप' ही चाचणी सुरू झाली आहे. गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवतात, बाजूनेही धडक देतात आणि शून्य ते पाच तारे देतात. मोठ्यांच्या सुरक्षिततेचे तारे वेगळे, मुलांचे वेगळे. त्याआधी २०१४ पासून 'ग्लोबल एनकॅप' ही संस्था आपल्याकडच्या गाड्या तपासत होती. तिच्या निकालांत २०१६ साली एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला मोठ्यांसाठी एकही तारा मिळाला नाही. २०२१ साली चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या पंचला पाच मिळाले आणि २०२२ साली नव्या स्कॉर्पिओ-एनलाही पाच. म्हणजे गुण आकाराचा नव्हे, बांधणीचा. मात्र ताऱ्यांची तुलना साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांतच करावी. तारे सारखे असतील आणि खिशाला परवडत असेल, तर थोडी जड गाडी जरूर घ्या.

जुनी गाडी घेत असाल तर अधिक जपा. चालकाची एअरबॅग आणि चाके जाम होऊ न देणारे एबीएस ब्रेक २०१९ पासून सक्तीचे झाले. त्याआधीच्या गाडीत ते आहेत का, हे विचारूनच व्यवहार करा. पुढे लोखंडी गार्ड बसवू नका. त्यावर २०१७ सालीच बंदी आली आहे, आणि त्याने एअरबॅगच्या कामात अडथळा येऊ शकतो.

आणि पट्टा! ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी होती, एअरबॅगही होत्या. मागे बसलेले दोघे दगावले, पुढचे दोघे वाचले. मागच्या दोघांनी पट्टे बांधले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. लेकराला पुढच्या सीटवर मांडीवर घेऊ नका. त्याच्यासाठी पट्ट्याने बांधायची वेगळी खुर्ची मिळते. वेगही आवरा. साठाचा ऐंशी केला की दणका पावणेदोन पटीहून वाढतो.

गेल्या दिवाळीत भाच्याने नवी गाडी घेतली. या खेपेला आम्ही पत्रा वाजवला नाही. तारे बघितले, सहा एअरबॅग मोजल्या, मागच्या तिन्ही पट्ट्यांची बक्कले लावून पाहिली. मागे बसायला माणसे तीनच, हेही तिथेच ठरले.

पहिल्या दिवशी देवदर्शनाला निघालो. अक्का मागे बसली, काठी पायाशी ठेवली, पट्टा ओढून लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बापू, तुझा लावलास का?"

मी लावला. तुम्हीही लावा.