सहा डिसेंबरचं मैदान

दादरच्या शिवाजी पार्कची माझी ओळख पायांची आहे. लहानपणापासून रोज पहाटे कट्ट्याला फेरी घालते. आत नेट्समध्ये मुलं बॅटी घेऊन उभी, समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब, कट्ट्यावर आजोबांची ठरलेली बैठक. संध्याकाळी त्याच कट्ट्यावर कॉलेजातली जोडपी. दुर्गापूजेला बंगाली मंडळींचा मांडव पडतो, दसऱ्याला राजकीय सभा. २८ एकरांत हे सगळं सामावतं. १९२५ साली हे मैदान लोकांसाठी खुलं झालं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. दोन वर्षांनी नगरसेविका अवंतिकाबाई गोखल्यांच्या आग्रहाने ते शिवाजी पार्क झालं.

या सगळ्या गर्दीला आम्ही ‘आपली’ म्हणतो. सहा डिसेंबरला, बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाण दिनी, चैत्यभूमीवर अभिवादनाला येणाऱ्या गर्दीला मात्र आमच्या घरांतून अनेक वर्षं ‘ते लोक’ म्हटलं गेलं. त्या दिवसांत खिडक्या लावून घेणारी, गावाला निघून जाणारी घरं मी पाहिली आहेत. आमचंही त्यांतलंच होतं.

काही वर्षांपूर्वी मी गावाला गेले नाही. पाच तारखेच्या संध्याकाळी खाली उतरले. विदर्भ-मराठवाड्यातून रेल्वेने आलेली माणसं मांडवाखाली पथाऱ्या टाकून बसली होती. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, फडक्यात बांधलेल्या भाकरी. कडेने पुस्तकांचे स्टॉल, ओळीने. बाबासाहेबांची भाषणं, फुल्यांचं वाङ्मय, पाली व्याकरण. एक बाप मुलीला संविधानाची प्रत घेऊन देत होता. पैसे मोजताना त्याने नोटा दोनदा मोजल्या. मी कितीतरी पुस्तक प्रदर्शनं पाहिली, पण पुस्तक असं छातीशी धरून नेताना माणसं मला तिथेच दिसली.

परभणीकडच्या एका आजींजवळ बसले. चैत्यभूमीच्या रांगेत सात तास उभ्या राहून त्या नुकत्याच परतल्या होत्या. पाय चेपत त्यांनी विचारलं, “हितं एरवी काय आसतं, बाई?”

“मुलं क्रिकेट खेळतात. रोज.”

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “मंग आमी आलो की लेकरांचा खेळ बंद पडत आसंल.”

मला उत्तर सुचलं नाही. या मैदानाला खेटून मी आयुष्य काढलं. धूळ, आवाज, कचरा यांवरून होणाऱ्या तक्रारींत मीही सूर मिसळला. त्या आजींच्या झोपेचा, पाण्याचा, संडासच्या रांगेचा विचार मात्र एकदाही केला नव्हता. रात्रभर प्रवास करून आलेल्या त्या बाईने माझ्या गल्लीतल्या मुलांचा विचार केला.

बाग, मैदान सगळ्यांचं असतं, हे आपण सहज बोलतो. पण शेजारी पथारी टाकलेल्या माणसाशी बोलल्याशिवाय ते सगळ्यांचं होत नाही, असं मला आता ठामपणे वाटतं. बायकांसाठी जास्त शौचालयं, रात्री पुरेसा उजेड, पिण्याचं पाणी हे मागायला ज्यांना तिथे झोपायचंय त्यांनीच का यावं? मागणी आमच्या इमारतींतून जायला हवी.

दादरकरांनो, येत्या सहा डिसेंबरला गावाला जाऊ नका. तासभर मैदानावर या, कुणाशी तरी बोला, एक पुस्तक विकत घ्या.