कठड्याची उंची

रस्त्याकडेचा पत्र्याचा कठडा दिसायला किती साधा! पण त्याला मान्यता देण्यापूर्वी त्याच्यावर मुद्दाम गाड्या आदळवतात, हे वाचले आणि मी थक्क झालो. अमेरिकेतील २००९ च्या ‘मॅश’ नियमांप्रमाणे महामार्गावरच्या कठड्यावर ११०० किलोची छोटी मोटार आणि २२७० किलोचा पिकअप, दोन्ही ताशी १०० किलोमीटर वेगाने, २५ अंशांच्या कोनात आदळवतात. दोन्ही कशासाठी? कठडा ठेंगणा असला तर उंच गाडी त्यावरून पलीकडे जाते. फार उंच असला तर छोटी मोटार पट्टीखाली घुसते. १९९३ च्या नियमांत हीच वजने ८२० आणि २००० किलो होती. लोकांच्या गाड्या बदलल्या, तसे मापही बदलले.

या मापात दुचाकी मात्र नाही. घसरत आलेल्या स्वाराला तर कठड्याचा खांबच जीवघेणा ठरतो. माझे वडील रोज पहाटे मोटारसायकलला दुधाच्या किटल्या बांधून घाट उतरतात. तसलाच कठडा आमच्या घाटातही आहे.

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. एखादी व्यवस्था ‘सर्वांसाठी’ आहे असे कोणी म्हटले, की आता मनात एकच प्रश्न येतो : माप घेताना समोर कोण कोण होते?